भीड चेपते, मग धीरही चेपतो?

चोपडा: 'नव्या शाळेत आठ दिवसांत पोराची भीड चेपली' म्हणतात, तसंच 'धीर चेपला' असंही. भीड आणि धीर एकमेकांच्या उलट, मग दोन्ही चेपून अर्थ एकच कसा? आणि सरळ 'आत्मविश्वास वाढला' लिहिलं तर काय बिघडतं?

अमळनेर: दोन्ही बरोबर. मेख 'चेपणे'त आहे. पत्र्याचा डबा चेपतो म्हणजे दबतो. भीड चेपते ती अशी. ट्रॉलीत कापूस भरताना वर चढून पायांनी चेपतात, तेव्हा भुसभुशीत ढीग घट्ट बसतो. धीर चेपतो तो असा. (हा माझा तर्क, व्युत्पत्ती म्हणून छापू नका.)

छटा मात्र वेगळी. भीड चेपल्याचं बहुधा कौतुक असतं. धीर चेपण्यात पुष्कळदा तक्रार: 'कोणी हटकलं नाही म्हणून चोरांचा धीर चेपला.' इथे 'भीड' घालून पाहा, चोर पाहुणे होतात.

आणि 'मी भीड चेपली' नाही, 'माझी भीड चेपली'. ती सवयीने आपोआप चेपते. मुद्दाम करायचं तर 'भीड सोडून बोल'. 'भीड मोडणे' हे तिसरंच: 'मामांची भीड मोडवेना' म्हणजे त्यांना नाही म्हणवेना. इथे भीड म्हणजे मुलाहिजा. 'भीड भिकेची बहीण' मधली भीड हीच.

भुसावळ: आत्मविश्वासाबद्दल. तो कामाचा असतो, भीड माणसांची. घरी अहिराणीत 'मना', 'तुना' बोलणारं पोरगं फळ्यावर गणित न चुकता सोडवतं, पण रीत सांगायला उभं केलं की 'माझा', 'तुझा' जुळवत अडखळतं. गणितातला आत्मविश्वास शाबूत आहे, चेपायची आहे ती भीड. प्रगतिपुस्तकात 'आत्मविश्वास वाढवावा' असा शेरा पडतो आणि निदानच चुकतं. 'आत्मविश्वास चेपला' तर लिहूच नका, वाचणारा तो दडपला असंच समजेल.

चोपडा: म्हणजे 'तापीत पोहायची भीड चेपली' चूक?

अमळनेर: चूक. पाण्याची भीती असते, ती गेली म्हणा. नदीची कसली भीड? काठावर बघे उभे आहेत म्हणून सदरा काढायला संकोच वाटत होता आणि तो गेला, तर मात्र खुशाल लिहा, भीड चेपली.