बिडाच्या जुन्या टपालपेट्या: रस्त्यावर की संग्रहालयात?

शिळोप्याचा गडी: पत्रे घटली, तेव्हा ब्रिटनमधल्या बिडाच्या जुन्या टपालपेट्या उचलून संग्रहालयात ठेवाव्यात, असा सूर अधूनमधून निघतो. मला तो पटत नाही. वापरातल्या पेट्या शक्यतो आहेत तिथेच राहाव्यात, असे रॉयल मेल ही टपाल कंपनी आणि इंग्लिश हेरिटेज ही वारसा जपणारी संस्था यांनी २००२ साली ठरवले. तेच धोरण बंद पडलेल्या पेट्यांनाही लागू करावे. पेटीवर बहुधा तत्कालीन राजाची किंवा राणीची आद्याक्षरे ओतलेली असतात, त्यामुळे ही सोय त्या वस्तीत साधारण कधी आली हे रस्त्यावरच कळते. दालनात नेलेली पेटी एवढे कुठून सांगणार?

वाटसरू: जागेचे एवढे कौतुक कशाला? १८६६ च्या पेनफोल्ड पेट्या घ्या: षट्कोनी अंग, माथ्यावर पाने आणि त्यांतून वर आलेली कळी. त्यांच्या नव्या प्रतिकृती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओतून जुन्या वस्त्यांत बसवल्या गेल्या. म्हणजे हौस जुन्या देखाव्याची आहे. शिवाय रॉयल मेल २०१३ पासून खासगी झाली आहे. ज्या पेटीत पत्रच पडत नाही, तिच्या रंगरंगोटीचा खर्च कंपनीने का सोसावा, आणि अरुंद पदपथावर चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने त्या पेटीला वळसा का घालावा?

तिरकस: पदपथाचा मुद्दा रास्त आहे, पण प्रतिकृती निघाल्या म्हणून अस्सल पेटीचे मोल घटत नाही. हा निव्वळ देखावा असता, तर एडिंबरामध्ये १९५३ साली दुसऱ्या एलिझाबेथच्या आद्याक्षरांची नवी पेटी कुणी स्फोटाने उडवली नसती. स्कॉटलंडला पहिली एलिझाबेथ कधी लाभलीच नव्हती, हा त्यामागचा राग. पुढे तिथल्या नव्या पेट्यांवर नुसता स्कॉटिश मुकुट आला. उलट १९२२ नंतर, ब्रिटनपासून वेगळे झाल्यावर, आयर्लंडने जुन्या पेट्यांना हिरवा रंग फासला आणि व्हिक्टोरियाची अक्षरे तशीच राहू दिली. हिरव्या रंगाखालची ती उठावदार अक्षरे डब्लिनच्या रस्त्यावर वाचण्यात जी गंमत आहे, ती संग्रहालयातल्या पाटीत नाही.

वाटसरू: त्या पेट्या टिकल्या, कारण त्यांत पत्रे पडत राहिली. नव्या सरकारने चालती वस्तू मोडीत काढली नाही, ही साधी काटकसर झाली. फट बुजवलेल्या पेटीला हा दाखला कसा लागू पडेल?

शिळोप्याचा गडी: मग फट बुजवूच नये. ब्रिटनमध्ये अनेक पेट्यांतले टपाल आता पत्रे वाटणारा पोस्टमनच आपल्या फेरीत काढतो, वेगळी गाडी लागत नाही. ऐतिहासिक पेट्यांपुरती एवढी सोय ठेवणे कंपनीला जड जाऊ नये.