अनुभव धागा: दुःखात प्रभू कुठं भेटला?

जालनाकर: सर्वांना जय ख्रिस्त. यंदा उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी चौथा बोलायला माझ्या वाट्याला आलाय. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" पाळकसाहेबांनी वीस मिनिटं दिलीत, माझ्याकडं पाचसुद्धा नाहीत. म्हणून इथं विचारतोय. तुमच्यावर वेळ आली तेव्हा काय झालं ते लिहा. वचनं सगळ्यांना पाठ आहेत, तेवढी नकोत.

लातूरवाले काका: माझं डायलिसिस 2015 ला सुरू झालं. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. गल्लीत टँकर आला की रात्री दोनलाही घागरींची रांग. आणि मला डॉक्टरांनी दिवसाला एका लिटरवर बांधलेलं, त्यात चहा-वरणही धरायचं. बायको सकाळी तांब्या मोजून भरायची, वर ताटली झाकायची. दुपारभर मी त्या ताटलीकडं बघत बसायचो. उलट मशीनला एका खेपेला सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागायचं. शेजारीण एका हंड्यासाठी भांडतेय आणि माझं रक्त धुवायला एवढं जातंय, याची फार लाज वाटायची. घरात म्हणालो, बंद करू.

त्याच दिवसांत एका रात्री बायबलातला योहान 19 उघडला, क्रुसावरचा पाचवा उद्गार. "मला तहान लागली आहे." लहानपणापासून ऐकलेला उद्गार. सगळ्यात सोपा म्हणून तो आपल्या वाट्याला यावा असं वाटायचं. त्या रात्री माझी जीभ टाळूला चिकटलेली होती. वाटलं, हा तर आपल्या शेजारच्या पलंगावरचा माणूस. तहान कमी झाली नाही. पण बंद करायचा विषय परत काढला नाही.

पलीकडच्या पलंगावर एक चाचा असायचे. त्यांना बायबलातल्या ईयोबाची, सगळं गमावूनही देवाला न सोडणाऱ्या माणसाची, गोष्ट सांगायला लागलो तर म्हणाले, "अरे, ये तो हमारे अय्यूब!" मग चार तास कसे जायचे कळायचं नाही. आता नवीन पेशंट सुईला घाबरला की सिस्टर मला हाक मारतात, "काका, जरा बोला त्याच्याशी." एवढं काम माझ्याकडं आहे.

उमरगेकर: 30 सप्टेंबर 1993. मी अकरावीत. आदल्या रात्री गणपती विसर्जन, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. मंडळीतल्या पोरांबरोबर ट्रॅक्टरनं सास्तूरकडं गेलो. माळवदाची घरं, जाड दगडी भिंती, सगळं झोपलेल्या माणसांवर. आमचे पाळक म्हणाले, "प्रार्थना खोदता खोदता करा." पुढं एका सभेत कुणीतरी बोललं, यातही देवाची योजना होती. मी उठून बाहेर आलो. दर रविवारी देवळात जातो, विश्वास आहे. पण ते वाक्य मी कुणाच्या मयतीला बोलत नाही. जालनाकर, तुम्हीही बोलू नका.

पिठलंभाकरी: मुलगा गेला तेव्हा वचनं सांगणारे पुष्कळ आले. बेथेलच्या एक आजी (जालन्याजवळचं ख्रिस्ती गाव, रेव्ह. नारायण शेषाद्रींनी वसवलेलं) मात्र पिठलं-भाकरीचा डबा आणायच्या, ओसरीवर बसून माझ्या शेंगा निवडायच्या आणि जायच्या. महिन्यानं मी डबा परत द्यायला गेले. रिकामा कसा द्यायचा, म्हणून आत गुळाचा खडा. तर म्हणतात, "झाकण कुठंय गं?" महिन्यात पहिल्यांदा हसले, मग तिथंच रडले. आता कुणाकडं असं झालं की मीही डबा नेते. फार बोलत नाही.

जालनाकर: उमरगेकर, नाही बोलणार. काका, पाचवा उद्गार अजून कुणाला दिलेला नाही. तुम्ही बोलाल?

लातूरवाले काका: शुक्रवारी माझी मशीनची पाळी. फोनवर रेकॉर्ड करून पाठवू का? मागं मशीनचा आवाज येईल.

जालनाकर: येऊ द्या.