मदत हवी आहे : तेरेखोल खाडीच्या दोन्ही काठांवर एकत्र पक्षीगणना

एका काठावर सिंधुदुर्गातलं आरोंदा, समोर गोव्याचं किरणपाणी. गणना दोन्हीकडे वेगवेगळ्या दिवशी होते. ओहोटीला चिखलावर पांगलेले तुतवार आणि चिखले (चिखलात चरणारे छोटे किनारी पक्षी) भरती आली की मधलं पात्र ओलांडून जातात, त्यामुळे काही थवे दोनदा मोजले जातात तर काही सुटतात. दोन्ही राज्यांचे आकडे नुसते मिळवून काहीच कळत नाही.

विचार असा आहे : जानेवारीत एकच दिवस, पूर्ण भरतीच्या अलीकडे-पलीकडे एकेक तास, पक्षी विसाव्याला एकवटलेले असताना मोजायचं. दर 15 मिनिटांनी नोंद, उडालेल्या थव्याची वेळ आणि दिशा वेगळ्या रकान्यात.

प्रवाह अरुंद आहे तिथे मधल्या पुळणीवरचे पक्षी कोणत्या काठाने मोजायचे?

दुसरी अडचण जास्त नडते. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांतून नदीचं पात्र आणि किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) दोन्ही वगळलेली आहेत, म्हणजे इथल्या कांदळवनाच्या संरक्षणाचा प्रश्न दोन राज्यांच्या दोन किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणांकडे जातो. दोघांनाही एकच संयुक्त निवेदन दिल्याचा अनुभव कुणाला आहे का? मसुदा, सोबत जोडलेले नकाशे, काहीही चालेल.