पियानो कॉन्चेर्टोची ध्वनिमुद्रणं: नावं झाकून, दीड मिनिटाचे तुकडे ऐकून गुण द्यावेत का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

आपल्या नाशिकच्या श्रवणबैठकीत रिख्टर या पियानोवादकाचं नाव निघालं की पहिला सूर वाजायच्या आत माना डोलायला लागतात. म्हणून प्रस्ताव मांडतो. पुढच्या वेळी कॉन्चेर्टो (एक वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) नावं झाकून ऐकायचे. एकाच रचनेची पाच मुद्रणं, प्रत्येकातला तोच दीड मिनिटाचा तुकडा, दोनदा. दुसऱ्यांदा क्रम बदलायचा. गुण कागदावर लिहायचे आणि सगळे कागद गोळा होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही.

नावाचा पगडा किती असतो हे शोपँच्या ई मायनर कॉन्चेर्टोने दाखवून दिलंय. १९६० च्या दशकात ईएमआयने त्याची एक तबकडी दिनू लिपाटी या पियानोवादकाच्या नावावर काढली. प्रत्यक्षात वाजवणारी हालिना चेर्नी-स्तेफान्स्का होती हे उघड झालं १९८१ मध्ये. एवढी वर्षं लोक त्यात लिपाटी ऐकत होते.

सुरुवात रखमानिनोव्हच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोपासून, सी मायनर. पहिले आठ बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) पियानो एकटाच वाजतो. त्यात तीन गोष्टी ऐकायच्या. आवाज अगदी हळू सुरू होऊन आठही बारांत सारखा चढतो, की पाचव्या बारालाच शिगेला पोचतो आणि पुढे चढायला जागाच उरत नाही? कॉर्डच्या (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या) मधला खालचा एफ हा स्वर घंटेसारखा घुमतो की नुसता थडकतो? आणि कॉर्ड इतके रुंद आहेत की लहान हाताला सगळे स्वर एकदम धरता येत नाहीत, ते खालून वर ओघळतात. ओघळणं हा दोष नाही. पण तीन कॉर्ड एकसंध आणि चौथा ओघळलेला असेल तर घंटेची लय मोडते. याला दीड मिनिटही लागत नाही.

पंचवटीकर

अहो, हे म्हणजे बड्या ख्यालातलं मधलं एक आवर्तन कापून घ्यायचं आणि त्यावरून गवई ठरवायचा!

तुम्ही शोपँचा ई मायनर काढलात, तोच घेऊ. त्यात पियानो येतो १३९व्या बारला. आधीचे १३८ बार वाद्यवृंदाचे. जुन्या कित्येक मुद्रणांत त्यांना सरळ कात्री लावलेली असते. उलट झिमरमनने १९९९ मध्ये स्वतः वाद्यवृंद जमवला, स्वतःच संचालन केलं आणि पियानोतली लयीची ओढाताण व्हायोलिनांकडून करून घेतली. पहिला भाग २३ मिनिटांच्या वर गेला. मलाही ते काही जागी अति वाटतं. पण पियानो आत येतो तेव्हा तो वाट पाहायला लावून आलेला असतो. तुमच्या तुकड्यात तो नुसताच येईल.

दुसरं म्हणजे रखमानिनोव्हचा तिसरा कॉन्चेर्टो. पहिल्या भागातल्या कॅडेन्झाचे (वादक एकटाच वाजवतो त्या जागेचे) दोन पाठ त्याने स्वतः दिलेत, एक हलका आणि चपळ, दुसरा जाडजूड कॉर्डचा. क्लायबर्न १९५८ च्या कार्नेगी हॉलमधल्या मुद्रणात जड पाठ घेतो, आर्गेरिच १९८२ मध्ये संचालक शायीबरोबर हलका. झाकून तुकडा लावलात तर जड पाठाला निम्मे लोक डोळे मिटून जास्त गुण देतील, कारण आवाज मोठा. खुद्द रखमानिनोव्ह संचालक ऑर्मंडीबरोबरच्या १९३९-४० च्या मुद्रणात हलकाच वाजवतो. त्याला नापास करणार का?

जुनी तबकडी

तुकडा की अख्खा, हे भांडण नंतर. आधी आवाजाची पातळी एक करा, नाहीतर नावं झाकूनही उपयोग शून्य. किंचित मोठं वाजणारं मुद्रण कानाला 'जिवंत' वाटतं, मोठं वाटत नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस मोजून पातळी सारखी करण्याची सोय आहे. दोन मुद्रणांत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक ठेवू नका. नेहमी मोठं खाली आणा, लहान वर नेऊ नका. वर नेलंत की शिखरं कापली जातात आणि शेवटचे ऑक्टेव्ह (सप्तकाच्या अंतरावरचे दोन स्वर एकदम) फाटतात. ॲपवरून वाजवणार असाल तर त्यातली आवाज आपोआप सारखा करण्याची सोय आधी बंद करा.

मात्र पूर्ण भागाची सरासरी धरून जुळवू नका. पियानो एकटा वाजतो ती जागा धरून जुळवा. मग एखाद्या मुद्रणात वाद्यवृंद मागे ढकललाय की पुढे आणलाय, हे आपोआप उघडं पडतं.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरून घेतलेली मुद्रणं असतील तर वेग तपासा. ए हा स्वर ४४० हर्ट्झऐवजी ४५३ वर लागला असेल तर तबकडी तीन टक्के जोरात फिरवलीय. पाव स्वर चढला, आणि दहा मिनिटांचा भाग नऊ मिनिटं त्रेचाळीस सेकंदांत संपला. मग आपण म्हणतो, जुने लोक काय चपळ! अर्थात प्रत्येक चढा स्वर चूक नसतो. युरोपातले काही वाद्यवृंद ४४३ ते ४४५ वरच लावतात.

मेन रोड

माझा आक्षेप निराळाच आहे. पियानो 'स्पष्ट' ऐकू आला म्हणून आपण वादकाला गुण देतो. ते माइकचं काम.

गोदाकाठ यांचे आठ बार संपल्यावर काय होतं ते ऐका. मुख्य चाल तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट घेतात, पियानो खाली नुसता धावतो. सभागृहात इथे पियानो बुडतो, बऱ्याचदा पार बुडतो. मुद्रणात पियानोजवळचा माइक उघडला की तोच पियानो डाव्या स्पीकरपासून उजव्यापर्यंत पसरतो आणि साठ माणसं त्याच्या मागे उभी राहतात. दुसऱ्या भागात बासरी आणि मग क्लॅरिनेट चाल मांडतात तेव्हा पियानो साथीला आहे. तिथेही तो पुढेच असेल तर दोष वादकाचा की मिक्सिंगचा? एक खूण धरा. वादक हळू वाजवत असेल तर पियानोचा रंगही मऊ होतो. रंग मऊ आणि आवाज मोठा, म्हणजे मिक्सरची कळ कोणीतरी वर सरकवलीय.

पेडलचंही (स्वर घुमत ठेवणाऱ्या पायाखालच्या खटक्याचंही) तसंच. पियानो गढूळ वाटला तर त्याच जागेतला ओबो (फुंकून वाजवायचं वाद्य) ऐका. ओबो कोरडा आणि पियानो गढूळ असेल तर पाय जास्त वेळ खाली राहिलाय. दोन्ही गढूळ असतील तर सभागृह घुमतंय, वादकाला बोल लावू नका.

तिहाई

तुकड्यांच्या बाजूने एक मत माझं. काही जागा अशा आहेत की तिथे वीस सेकंदांत सगळं कळतं. शूमानच्या ए मायनर कॉन्चेर्टोचा शेवटचा भाग घ्या. लिहिलाय तीन मात्रांत, पण दुसरी चाल येते तेव्हा दोन बारांच्या सहा मात्रा ३+३ न राहता २+२+२ अशा पडतात. दादरा चालू असताना कोणी मध्येच तीन संथ टाळ्या द्याव्यात तसं. वाद्यवृंद चाल मांडतो, मग पियानो ती उचलतो.

बिघडतं ते दोन तऱ्हांनी. वादक बारच्या पहिल्या मात्रेवर जोर देत राहिला तर चाल लंगडा वॉल्ट्झ होते. आणि वाद्यवृंदाने संथ टाळी धरली, पियानोने लिहिलेल्या तीन मात्रा धरल्या, तर पुढची जोडणी सांधत नाही. कोणीतरी एक चिमूटभर थांबतो आणि दुसरा तिथे येऊन मिळतो. ती चिमूट ऐकू येते. बोटाने सहा मोजत बसा, पहिल्याच ऐकण्यात सापडेल. यासाठी अर्धा तास ऐकायची गरज काय?

पंचवटीकर

तिहाई, सांधा दिसला म्हणजे सुतार कळतो, घर कळत नाही.

ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो, डी मायनर. ६ एप्रिल १९६२, कार्नेगी हॉल. संचालक बर्नस्टीनने वाजवण्याआधी श्रोत्यांना सांगून टाकलं की पियानोवादक गूल्डची मांडणी आपल्याला पटत नाही. पहिला भाग २५ मिनिटांच्या वर गेला आणि 'भयंकर संथ' हा शिक्का कायमचा बसला. नंतर १९८० च्या दशकात त्याच बर्नस्टीनने झिमरमनबरोबर व्हिएन्नात तोच भाग केला, २४ मिनिटांहून जास्त. मग फरक कुठे? गूल्ड पहिली आणि दुसरी चाल जवळपास एकाच लयीत बांधतो. बाकीचे दुसऱ्या चालीला सैल सोडतात आणि नंतर परत खेचतात. हे दीड मिनिटात ऐकू येणं शक्यच नाही, दोन्ही चालींच्या मध्ये कित्येक मिनिटं आहेत.

आणि झाकून ऐकण्याचा एवढा अभिमान नको. जॉइस हॅटो या पियानोवादिकेच्या नावाने विकलेल्या, पण दुसऱ्यांनी वाजवलेल्या सीडीज २००७ मध्ये पकडल्या त्या संगणकातल्या सीडींच्या यादीने. त्यातला ब्राम्सचा दुसरा कॉन्चेर्टो अश्केनाझीने वाजवलेला निघाला. त्याआधी ऐकणाऱ्या जाणकारांना कानही होते आणि वेळही होता.

गोदाकाठ

हॅटोचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! नाव बदललं आणि तीच मुद्रणं नव्याने थोर ठरली.

ब्राम्सचं मात्र मान्य. दुरुस्ती अशी करू: प्रत्येक मुद्रणाचे दोन तुकडे, पहिली चाल आणि दुसरी चाल, लागोपाठ. लयीचं नातं तेवढ्यात कळतं. कॅडेन्झाच्या दोन पाठांना एकमेकांसमोर उभं करायचं नाही, हलका हलक्याशी आणि जड जडाशी. मेन रोड म्हणतात त्या समतोलाला वेगळा रकाना ठेवू, वादकाच्या गुणांत मिसळणार नाही. सगळ्यांत वरच्या दोन मुद्रणांचा पहिला भाग शेवटी अख्खा ऐकू, नावं तेव्हाही झाकलेलीच.

पंचवटीकर

म्हणजे पहिल्या फेरीत तुकड्याने बाद झालेला गूल्ड अख्खा कोणी ऐकणारच नाही. बाद होणारच तो, पैज लावा. माझा नियम उलटा: आधी सगळ्यांचा पहिला भाग अख्खा, मग शंकेच्या जागा तुकड्यांनी. ब्राम्सची पाच मुद्रणं म्हणजे पावणेदोन-दोन तास. चहाची सोय करा.

मेन रोड

रकाना चालेल, पण तो भरायला माणूस वेगळा हवा. एकाच कानाने दोन्ही मोजलं की सरमिसळ होतेच.

जुनी तबकडी

खोलीकडे कोणीच बघत नाहीये. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये खाली गुळगुळीत फरशी, समोर उघडी भिंत. पियानोचा खालचा सप्तक नुसता गुरगुरतो. जाड सतरंजी अंथरा, भिंतीपुढे पुस्तकांचं कपाट सरकवा, स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे घ्या. आणि छताचा पंखा बंद. पंखा चालू असला की सुरुवातीचा हळू कॉर्ड त्याच्या घरघरीत जातो, मग कोणीतरी आवाज वाढवतो आणि माझं अर्धा डेसिबल जुळवणं पाण्यात.

तिहाई

पंखा बंद करून दोन तास ब्राम्स? मग ऑक्टोबरमध्ये नको, डिसेंबरातली तारीख धरा. शूमान मात्र आधी लावा, सहा मोजायला डोकं ताजं लागतं.