रिलीव्हिंग लेटर अडवलं, फील्डचे पैसेही अडकले. तातडीने मदत हवी आहे

रानजाई
नागपूरच्या एका रिसर्च अँड कन्सल्टिंग कंपनीत होते. नोटीस पीरियड पूर्ण केला, लॅपटॉप आणि टॅब जमा केले, तरी रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, देत नाहीत. फील्डची बिलंही अडवून ठेवली आहेत. एचआर म्हणते अकाउंट्सचा क्लिअरन्स नाही, अकाउंट्स म्हणतात बिलं जुळत नाहीत. पुण्याच्या नवीन कंपनीला सोमवारपर्यंत लेटर हवं आहे. लेबर ऑफिसला तक्रार केली तर किती दिवसांत काम होतं? ज्यांनी केली असेल त्यांनीच सांगा. 'आधी शांतपणे बोलून बघा' असं कृपया लिहू नका, ते सगळं करून झालंय.

खामलाकर
पद काय होतं, ऑफर लेटरमध्ये नोटीस किती लिहिली होती, बिलं किती रुपयांची आहेत, यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही. पीएफ कापत होते का?

बेसा_रोड
ताई, लेबर ऑफिसच्या चकरा मारण्यात अर्थ नाही. मी मार्केट रिसर्चवाल्या कंपनीत होतो, तिथं असंच झालं होतं. लिंक्डइनवर सगळं लिहिलं, मालकाला टॅग केलं, लगेच एचआरचा फोन. हे लोक फक्त बदनामीला भितात.

कोर्टाची_पायरी
असलं काही करू नका. नवीन कंपनीची एचआर पण लिंक्डइन वाचते. शिवाय जुन्या कंपनीच्या हातात अब्रुनुकसानीच्या नोटिशीचं निमित्त आयतं पडेल. मी वकिली करतो, अशी प्रकरणं पाहिली आहेत. आधी खामलाकरांनी विचारलेलं सांगा.

बेसा_रोड
मी खरं लिहिलं होतं. खऱ्याला कसली अब्रुनुकसानी?

कोर्टाची_पायरी
खरं असणं वेगळं आणि ते कोर्टात सिद्ध करत बसणं वेगळं. त्यांना सोमवारपर्यंत लेटर हवंय.

रानजाई
रिसर्च असोसिएट. नोटीस एक महिन्याची, पूर्ण केली. बिलं ₹७४,००० ची, त्यात जीपभाडं, मुक्काम आणि इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे घरोघरी फॉर्म भरून घेणाऱ्या मुलांचा रोजचा भत्ता. हे सगळं मी स्वतःच्या खिशातून दिलं. ती मुलं गावातली आहेत, त्यांना थांबवणं मला जमलं नसतं. पीएफ नव्हता, दहा टक्के टीडीएस कापून पैसे यायचे. पण याचा रिलीव्हिंगशी काय संबंध?

खामलाकर
सगळाच संबंध आहे. पीएफ नाही आणि दहा टक्के टीडीएस, म्हणजे कागदावर तुम्ही कर्मचारी नव्हतातच, कन्सल्टंट होतात. ऑफर लेटर पुन्हा काढून वाचा, त्यावर पगाराऐवजी 'प्रोफेशनल फी' किंवा 'रिटेनर' (बांधलेली फी) असं असेल. सोशल सेक्टरच्या रिसर्च कंपन्यांत हे सर्रास चालतं. प्रोजेक्टपुरता माणूस घ्यायचा, दर वर्षी करार नवा करायचा.

रानजाई
हो, रिटेनर लिहिलं आहे. पण रोज बायोमेट्रिक होतं, सुट्टीसाठी मेल करावा लागायचा, शनिवारी पण बोलवायचे. मग मी कर्मचारी कशी नाही?

कोर्टाची_पायरी
मुद्दा बरोबर आहे. नुसत्या कागदावरच्या नावावर ठरत नाही. काम कोण ठरवतं, वेळ कोणाच्या हातात, साधनं कोणाची, हे कोर्ट पाहतं. पण तो लांबचा रस्ता आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. तिच्यात राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं आहे. पण तुम्ही लेबर ऑफिसला गेलात की कंपनी पहिलं वाक्य हेच बोलेल, 'या आमच्या कर्मचारी नाहीत.' मग आधी त्यावरच वाद. सोमवारच्या आत तर काहीच होणार नाही.
 

उद्यमी_वर्धमाननगर
सोपा उपाय सांगतो. उद्यम रजिस्ट्रेशन करा, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. ऑनलाइन आहे, फुकट आहे. तुम्ही कन्सल्टंट म्हणजे सेवा देणारा सूक्ष्म उद्योग. लहान उद्योगांच्या एमएसएमई कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाही तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. माझ्या फॅब्रिकेशनच्या बिलाचे पैसे असेच सुटले.

कोर्टाची_पायरी
तुमचं रजिस्ट्रेशन माल देण्याआधीचं असणार. यांचं काम संपलं आहे. काम झाल्यावर रजिस्ट्रेशन करून मागच्या बिलांना हा फायदा मिळत नाही, असं सुप्रीम कोर्टाने सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात २०२१ साली म्हटलं होतं. पुढच्या कामांसाठी जरूर करावं.

उद्यमी_वर्धमाननगर
करून ठेवायला काय जातं? समोरच्याला धाक तर बसतो.

टॅबवाला
सगळे कायदा सांगताहेत. 'बिलं जुळत नाहीत' म्हणजे नक्की काय जुळत नाही? ते कोणी विचारलंच नाही.

रानजाई
मेळघाटात बेसलाइन सर्व्हे (प्रकल्प सुरू होण्याआधीची पाहणी) होता, धारणी तालुक्यात. गावांत नेटवर्क नाही. फॉर्म टॅबमध्ये सेव्ह व्हायचे आणि धारणीला मुक्कामी आल्यावर दोन-तीन दिवसांचे एकदम सिंक व्हायचे. आता अकाउंट्स म्हणतात, ज्या तारखांचं जीपभाडं लावलं त्या दिवशी सिस्टिमवर एकही फॉर्म नाही, आणि ज्या दिवशी दीडशे फॉर्म आले त्या दिवशी जीपच नाही. म्हणजे मी खोटी बिलं लावली असं त्यांचं म्हणणं. पैशापेक्षा हे जास्त लागलं मला.

विदर्भवीर
धारणी तालुक्यात नेटवर्क नाही कसं? हरिसाल तर डिजिटल गाव आहे ना?

मेळघाटी
भाऊ, हरिसाल हे रोडवरचं गाव आहे. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जाणाऱ्या रस्त्यावर मिळते नेटवर्क. आत शिरून पहा एकदा, फोन खिशात ठेवायच्याच कामाचा राहतो. ताई खरं सांगून राहिल्या. अन् तिथली कोरकू भाषा येणारा पोरगा सोबत नसला तर सर्व्हे होतच नाही तिकडे, म्हातारी माणसं मराठीत पूर्ण उत्तर देत नाहीत. त्या पोरांना रोजच्या रोज पैसे दिले ते बरं केलं तुम्ही.

टॅबवाला
सर्व्हेचं ॲप कोणतं होतं? फॉर्म कोबोवर होता की ओडीकेवर?

रानजाई
कोबो.

टॅबवाला
मग तुमचं काम झालं समजा. मी पण फील्डचा डेटाच सांभाळतो. प्रत्येक फॉर्मसोबत दोन वेगळ्या वेळा साठतात. एक, मुलाखत सुरू झाली आणि संपली ती वेळ, 'स्टार्ट' आणि 'एंड' या कॉलममध्ये, ती टॅबच्या घड्याळावरून येते, नेटवर्क असो नसो. दुसरी 'सबमिशन टाइम', फॉर्म सर्व्हरवर पोचल्याची. तुमच्या अकाउंट्सने फक्त दुसरी पाहिली आहे. एक्सपोर्टमध्ये दोन्ही असतात. स्टार्टची तारीख जीपच्या बिलाशी लावून बघा, दिवसागणिक जुळेल. जीपीएसचा प्रश्न फॉर्ममध्ये असेल तर कुठल्या गावात होता तेही दिसेल. तुमचं लॉगिन अजून चालू असेल तर आजच फाइल उतरवून घ्या.

कोर्टाची_पायरी
फाइल उतरवू नका! नोकरी संपली आहे. त्या फाइलमध्ये लोकांची नावं, फोन, घरची माहिती असणार. डेटा चोरल्याचा उलटा आरोप होईल आणि मग ₹७४,००० बाजूलाच राहतील.

टॅबवाला
नावं कोण मागतंय? स्वतःचा निर्दोषपणा दाखवायचा नाही का त्यांनी?

कोर्टाची_पायरी
दाखवायचा, पण त्यांच्याकडूनच काढून घ्यायचा. एचआर, अकाउंट्स आणि प्रोजेक्ट मॅनेजर तिघांना एकच मेल: टॅब नंबर, स्टार्ट, एंड आणि सबमिशन टाइम एवढेच कॉलम काढून बिलांशी पडताळा. नकार दिला तर तो नकारही लेखी मिळतो.

टॅबवाला
हे मान्य. मेलमध्ये एक्सपोर्ट कसं काढायचं ते पण लिहा, नाही तर अकाउंट्सवाले पुन्हा तेच दाखवतील.

सीएसआर_डेस्क
थोडी दुसरी बाजू. मी अशा कंपन्यांना काम देणाऱ्या बाजूला आहे. जानेवारी २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामावरच्या खर्चातल्या १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं इम्पॅक्ट असेसमेंट (कामाचा परिणाम काय झाला याची तपासणी) बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून करून घेणं बंधनकारक केलं, तेव्हापासून या कंपन्यांकडे कामं वाढली. पण पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. इन्सेप्शन रिपोर्टला, म्हणजे सुरुवातीच्या आराखड्याला थोडे, डेटा दिल्यावर थोडे, फायनल रिपोर्ट मंजूर झाल्यावर उरलेले. सरकारी खात्याचं काम असेल तर आणखी उशीर. मधल्या काळात कंपनी फील्डची बिलं लांबवते. तुमच्या बिलावरची शंका हे मला तरी पैसे लांबवायचं कारण वाटतं.

रानजाई
म्हणजे त्यांचा क्लायंट पैसे देत नाही म्हणून जीपवाल्याचे पैसे मी भरायचे?

सीएसआर_डेस्क
नाही, अजिबात नाही. पुढच्या कंपनीत फील्डला जाण्याआधी ॲडव्हान्स मागून घ्या, तो खात्यात आल्याशिवाय निघू नका.

प्राची_मनीषनगर
विषयाशी थोडं सोडून विचारते. माझी मुलगी मातृसेवा संघाच्या कॉलेजातून एमएसडब्ल्यू करतेय. तिला रिसर्चमध्येच जायचं आहे. हे सगळं वाचून घाबरले. या क्षेत्रात पाठवावं की नाही?

नोकरी_पक्की
एमपीएससी करायला लावा. महिला व बालविकास, समाजकल्याण, तिथं तिच्या शिक्षणाचा उपयोग आहे.

खामलाकर
प्राचीताई, त्यासाठी वेगळा धागा काढा ना, तिथं सविस्तर लिहितो.
रानजाई, सोमवारचं आधी बघा. कन्सल्टंटला 'रिलीव्हिंग लेटर' बहुतेक ठिकाणी देतच नाहीत, करार संपल्याचं पत्र देतात. नवीन कंपनीला हे आजच स्पष्ट सांगा. राजीनामा स्वीकारल्याचा मेल आहे ना? तो, रिटेनरचा करार, बँकेत जमा झालेली फी आणि टीडीएस दिसणारं २६एएस (इन्कम टॅक्सचं स्टेटमेंट) पाठवा. लॅपटॉप-टॅब जमा केल्याची पोच असेल तर तीही.

रानजाई
राजीनामा स्वीकारल्याचा मेल आहे. पोच नाही, पण जमा करताना ॲडमिनने व्हॉट्सॲपवर 'रिसिव्ड' लिहिलं होतं.

खामलाकर
चालेल. स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसू द्या.

रानजाई
पुण्याच्या एचआरशी बोलले. मेल, करार आणि २६एएसवर जॉइन करून घेतील, करार संपल्याचं पत्र नंतर द्यायचं. टॅबवाला, तुमच्या कॉलमांचा मेल तिघांना गेला. प्रोजेक्ट मॅनेजरने फोन करून सांगितलं की स्टार्टच्या तारखा जुळताहेत. तेच लेखी द्या म्हटलं तर 'बघतो' म्हणाला.

कोर्टाची_पायरी
फोन झाल्या झाल्या त्यालाच मेल करा, 'आपल्या आजच्या बोलण्यानुसार तारखा जुळल्या आहेत' असा. तो खोडत नाही तोवर तुमच्या कामाचा आहे. पंधरा दिवस वाट बघा, मग वकिलामार्फत नोटीस. नोटिशीत प्रत्येक बिल तारखेसकट, आणि खोटी बिलं लावल्याचा आरोप लेखी मागे घ्यावा ही मागणी वेगळी लिहा. वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा घाईत तडजोडीच्या कागदावर सही करू नका.

मेळघाटी
जीपवाल्याची सही असलेली बिलं आहेत ना ताई? नसतील तर तालुका अन् महिना सांगा, परतवाडा-धारणीचे गाडीवाले बहुतेक ओळखीचे आहेत आपल्या.

रानजाई
आहेत, दोन सोडून. मेसेज करते तुम्हाला.