पावसाळ्यात जुनी टेलर ८१४सीई गिटार बघायला जातोय, काय काय तपासू?

फोंडेकर:
पर्वरीत एक वापरलेली टेलर ८१४सीई विकायला आहे, मालक २०१६ची म्हणतात. पुढे स्प्रूस, मागे आणि बाजूंना शिसव. रविवारी बघायला जाणार. दीड लाखाच्या वरचा मामला आहे, आणि गिटार बहुतेक वेळ लाइनवरच (केबलने स्पीकरला जोडून) वाजणार: हॉटेलातले कार्यक्रम, संध्याकाळी शॅकवर दोन-तीन तास. सोबत काय नेऊ, आधी काय बघू? भर पावसात बघून काही कळेल का?

सहातारा:
कळेल, पण फुगलेलं काय आणि बिघडलेलं काय, हे वेगळं काढावं लागेल. ही गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेसाठी बनते. आपल्याकडे जुलैत घरातसुद्धा ८०च्या वर असते. लाकूड ओल शोषतं, वरची फळी ब्रिजमागे (ब्रिज म्हणजे फळीवर तारा अडकवायचा लाकडी तुकडा) फुगते, ब्रिज उचलला जातो आणि तारा उंच होतात. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) जाड ई तारेखाली साधारण २.४ मिमी हवेत. ३ दिसले तरी तेवढ्यावरून नकार देऊ नका, कोरड्या खोलीत काही दिवस राहिली की बरंचसं खाली येतं.

न्यायच्या वस्तू: अर्ध्या मिमीच्या खुणांची स्टीलची पट्टी, फ्रेटबोर्डाएवढी लांब सरळ पट्टी, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), टॉर्च, छोटा आरसा, झेरॉक्सचा कागद.

सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो, चौदाव्यावर जाड तार दाबा, सातव्या फ्रेटवरची फट बघा. झेरॉक्सचा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. एक-दोन कागद जातील एवढी फट ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉडने (दांड्यातल्या, आवळता येणाऱ्या सळईने) सुटते, तो दोष धरू नका.

खरा निकाल नेकच्या (दांड्याच्या) कोनावर. लांब पट्टी फ्रेटांवर ठेवून ब्रिजपर्यंत न्या. टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याशी टेकलं पाहिजे. खाली आपटत असेल तर सॅडल (ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी) बघा. लाकडाबाहेर ३ मिमी शिल्लक असेल तर वाव आहे. दीडच उरलाय आणि तारा तरीही उंच, म्हणजे घासायला काही राहिलेलं नाही, नेक रीसेट (नेक काढून कोन सुधारून पुन्हा बसवणं) आलं. (बाराव्यावर अर्धा मिमी उतरवायला सॅडल एक मिमी घासावा लागतो, हा हिशेब ध्यानात ठेवा.) टेलरचा नेक बोल्टने बसतो आणि कोन पातळ पट्ट्या बदलून सुधारता येतो, त्यामुळे मार्टिन डी-२८सारख्या सरसाने चिकटवलेल्या सांध्यापेक्षा काम सोपं. तरी जाणकार हात लागतो, तो खर्च किमतीतून कापून घ्या.

मग ब्रिजच्या मागच्या कडेला कागद सरकवून बघा. कोपऱ्यात शिरला तर ब्रिज सुटतोय. उन्हात उभ्या गाडीत गिटार राहिली की सरस मऊ होतो, आपल्याकडे हे फार घडतं. आरसा आत घालून फळीला आधार देणाऱ्या पट्ट्या बघा, फळीवर बोटाच्या पेराने हलकं ठोका. खरखर आली तर एखादी पट्टी सुटलीय. वासही घ्या, कुबट असेल तर आत बुरशी शोधा.

मिरामारवाला:
वय मालकाच्या तोंडून घेऊ नका, आतल्या आकड्यावरून काढा. २००९च्या अखेरीपासून टेलरचा क्रमांक दहा आकडी आहे: दुसरा आणि सातवा आकडा मिळून वर्ष, तिसरा-चौथा महिना, पाचवा-सहावा दिवस. ८१४सीईचा पहिला आकडा १ हवा.

लाइनआऊट:
वाजवणं लाइनवर असेल तर निम्मा वेळ पिकअपला (गिटारीचा आवाज केबलवर पाठवणाऱ्या यंत्रणेला) द्या. स्वतःची केबल, डीआय (गिटार मिक्सरला जोडायची डबी) आणि नवी ९ व्होल्टची बॅटरी न्या. उतरलेल्या बॅटरीवर आवाज फाटतो आणि चांगली गिटार वाईट वाटते. विक्रेत्याच्या अँपवरचा रिव्हर्ब बंद, टोनचे दोन्ही नॉब मधल्या खाचेत. अंगठ्याने, एकाच जागी, सारख्या जोराने एकेक तार छेडा. सगळ्या सारख्या ऐकू यायला हव्यात.

केबल जॅकमध्ये हळूच हलवा. खरखर आली तर नट सैल किंवा सॉकेट गंजलेलं. बॅटरीचा कप्पा उघडून बघा, खाऱ्या वाऱ्याने पत्र्यांवर हिरवी बुरी चढते. मग आवाज वाढवत जा. सुमारे १०० हर्ट्झला, म्हणजे जाड ई तारेच्या तिसऱ्या-चौथ्या फ्रेटपाशी, फळी घुमायला लागेल. ते सगळ्याच अशा गिटारींत होतं, साउंडहोलला झाकण लावलं की बहुतेक भागतं. कमी आवाजातच घुमत असेल तर शॅकवर त्रास देईल.

फोंडेकर:
मनापासून धन्यवाद. आणि बी व बारीक ई दोन्ही मंद आल्या तर?

लाइनआऊट:
२०१४पासूनच्या ८०० मालिकेत एक्स्प्रेशन सिस्टिम २ आहे: सॅडलखाली नव्हे, मागून टेकणारे तीन सेन्सर. ब्रिजवर सॅडलमागे तीन छोटे स्क्रू दिसतील. शेजारच्या दोन तारा एकत्र मंद असतील तर त्या बाजूच्या सेन्सरचा दाब कमी पडतोय. एकच तार मंद असेल तर आधी तार नवी घालून बघा. स्क्रू विक्रेत्याच्या घरी फिरवू नका, जास्त आवळला तर सेन्सर जातो.