विश्व होलोग्राम आहे, हे मोजून ठरवता येईल का?

धागाकर्ता:
विश्व हे प्रत्यक्षात होलोग्राम (म्हणजे सपाट पृष्ठावर साठवलेल्या माहितीतून दिसणारे त्रिमितीय चित्र) आहे, असे विधान आजकाल सिद्ध झालेल्या गोष्टीसारखे केले जाते आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. कृष्णविवराची एन्ट्रॉपी (त्यात किती माहिती दडलेली आहे याचे माप) त्याच्या घनफळाच्या नव्हे, तर पृष्ठफळाच्या प्रमाणात असते, या भौतिकशास्त्रज्ञ बेकेनस्टाइन यांच्या विचारातून १९९३ मध्ये टॉफ्ट यांनी आणि पुढे ससकिंड यांनी ‘जागेतील सगळी माहिती तिच्या सीमेवर मावते’ ही कल्पना पुढे नेली. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये क्रेग होगन यांच्या पुढाकाराने उभारलेल्या ‘होलोमीटर’ या लेझर-यंत्राने तिच्यातून निघणारे एक भाकीत तपासले: अवकाश स्वतःच अतिसूक्ष्म प्रमाणात थरथरत असावे. २०१४ मध्ये मोजणी सुरू झाली आणि २०१५ च्या अखेरीस निकाल आला: अपेक्षित थरथर सापडली नाही. मग हा दावा इतक्या ठामपणे का केला जातो?

प्रतिसाद १:
आपला निष्कर्ष मला मान्य नाही. फेटाळले गेले ते होगन यांचे एक विशिष्ट प्रतिमान. होलोग्राफिक तत्त्व, म्हणजे सीमेवर मावणाऱ्या माहितीची ती मूळ कल्पना, नव्हे. सीमेवर किती माहिती मावते याची मर्यादा ते तत्त्व सांगते, पण त्यामुळे होलोमीटरमधला ४० मीटर अंतरावरचा आरसा हलला पाहिजे, असे त्यातून आपोआप निघत नाही. १९९७ मध्ये माल्दासेना यांनी, गुरुत्वाकर्षण असलेले विश्व आणि त्याच्या सीमेवरचा गुरुत्वाकर्षणविरहित पुंजसिद्धान्त (क्वांटम सिद्धान्त) ही एकाच गोष्टीची दोन वर्णने आहेत, असे मांडले आणि त्यानंतरच्या असंख्य गणितांनी त्याला बळकटी दिली आहे. ‘होलोग्राम’ म्हणजे विश्व खोटे, असा अर्थ लावणे मात्र चूकच आहे. तेवढ्यापुरता मी आपल्या बाजूचा आहे.

धागाकर्ता:
माल्दासेना यांचे गणित ऋण वक्रतेच्या, म्हणजे खोगिरासारख्या वळलेल्या, अवकाशकालासाठी आहे. आपल्या विश्वाचे प्रसरण मात्र वेगाने वाढत असल्याचे १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांच्या निरीक्षणांतून दिसले, आणि अशा विश्वाला तशी सोयीची सीमाच नाही. दुसऱ्या विश्वाचे गणित आपल्या विश्वाच्या नावावर मांडणे मला पटत नाही.

प्रतिसाद २:
लेझर आणि आरसे यांच्याशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे मोजणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या वादात तीच बाजू सर्वांत दुर्लक्षित राहते. होलोमीटरमध्ये प्रत्येकी सुमारे ४० मीटर भुजांचे दोन इंटरफेरोमीटर (लेझरचा किरण दोन भुजांत विभागून, परत आलेल्या किरणांच्या तुलनेतून लांबीतला सूक्ष्म फरक मोजणारी यंत्रे) अगदी शेजारी-शेजारी होते. एकाच यंत्रातली थरथर ही लेझरची, आरशाची की अवकाशाची, हे ओळखणे जवळजवळ अशक्य असते; परंतु दोन स्वतंत्र लेझरचा गोंगाट एकमेकांशी जुळत नाही, तर दोन्ही यंत्रे ज्या अवकाशात उभी आहेत त्याचीच थरथर असेल तर ती दोन्हींकडे जुळलेली दिसायला हवी. म्हणून तासन्तास नोंदी घेऊन दोन्ही संकेतांचा सहसंबंध काढला गेला; पहिल्या निकालामागे १४५ तासांच्या नोंदी होत्या. मोजणी मेगाहर्ट्झमध्ये केली, कारण प्रकाशाला ती भुजा ओलांडायला एका मायक्रोसेकंदाचा साधारण आठवा भागच लागतो आणि जमिनीची कंपने तिथवर पोहोचत नाहीत. प्लांक लांबी (जिच्याखाली अवकाशाची नेहमीची कल्पना लागू पडत नाही, असे मानले जाते ती लांबी) सुमारे १.६ × १०⁻³⁵ मीटर असताना अशी अचूकता साधणे ही माझ्या मते मोठी कामगिरी आहे. पुढे भुजांची मांडणी बदलून अवकाशाच्या फिरण्यातली थरथरही शोधली गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीतही ती आढळली नाही.

प्रतिसाद ३:
हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या ४ किलोमीटर भुजांनी याचे उत्तर मिळेल का?

प्रतिसाद २:
तत्त्व तेच आहे, पण ते यंत्र गुरुत्वीय लहरींसाठी, मुख्यतः दहापासून काही हजार हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यासाठी रचलेले आहे. या प्रश्नासाठी वेगळेच यंत्र लागेल.

प्रतिसाद १:
मोजणीचे महत्त्व मी नाकारत नाही. मात्र धागाकर्त्यांनी ‘तत्त्व’ आणि ‘त्याचे एक प्रतिमान’ यांत फरक करावा, एवढाच माझा आग्रह आहे.

धागाकर्ता:
तो फरक मी मान्य करतो आणि माझ्या पहिल्या मांडणीत तो सुटला होता, हेही कबूल करतो. पण मग तत्त्वाच्या समर्थकांनीही सांगावे की कोणती मोजणी विरुद्ध गेली, तर ते आपले म्हणणे मागे घेतील. होगन यांनी ते आधीच सांगितले होते, म्हणून त्यांचे प्रतिमान चुकीचे ठरूनही मला त्यांच्याबद्दल अधिक आदर वाटतो.